उभी शेती

उभी शेती : जमिनीचे क्षेत्र न वाढविता खोलीच्या किंवा उंचीच्या दिशेने पिकांचे उत्पादन वाढविण्याच्या पद्धतींना दिलेली संज्ञा. इंग्रजीतील व्हर्टिकल फार्मिंग या संज्ञेचे हे भाषांतर असून मराठीत बहुमजली शेती व बहुथरी शेती हे पर्यायही वापरले जातात. संज्ञेचा अर्थ गेल्या शंभर वर्षांत दोनदा बदललेला आहे. प्रारंभी तिचा रोख जमिनीच्या खोलीकडे होता. आज तिने बंदिस्त इमारतीत, कृत्रिम प्रकाशात, एकावर एक रचलेल्या थरांतील लागवड सुचविली जाते. आणि उघड्या शेतात उंच, मध्यम व बुटकी पिके एकत्र घेण्याच्या जुन्या पद्धतीलाही कित्येक लेखक हेच नाव देतात. या तीन अर्थांची सरमिसळ झाल्याने एका पद्धतीचे गुण दुसरीला चिकटविले जातात. ही केवळ शब्दाची अडचण नाही. तिच्यापायी पैसा आणि जमीन दोन्ही चुकीच्या ठिकाणी गुंतविली जाण्याचा संभव असतो.

मराठीत ‘उभी’ या विशेषणाने आणखी एक घोटाळा होतो. शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘उभे पीक’ म्हणजे कापणी न झालेले पीक, आणि ‘उभी मशागत’ म्हणजे उताराच्या दिशेने वरून खाली केलेली नांगरट वा पेरणी. डोंगराळ मुलखात ती हानिकारक मानतात. कारण प्रत्येक तास पाण्याचा ओहोळ बनतो व माती वाहून जाते. म्हणून उताराला आडवी नांगरट व आडवी पेरणी करावी, असा सल्ला दिला जातो. अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यात, सिपना नदीच्या काठी वसलेल्या सेमाडोहसारख्या सातपुड्यातील गावी ‘उभी शेती करा’ असे कोणी नुसतेच सांगितले, तर ऐकणाऱ्याला जे करू नये तेच सांगितल्यासारखे वाटेल.

सेमाडोहचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने करावा लागतो. उभ्या शेतीचा पुरस्कार ज्या गृहीतावर उभा आहे, ते गृहीत या गावी अक्षरशः खरे ठरते : जमीन वाढविता येत नाही. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प घोषित झाला आणि १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमिनीच्या अन्य उपयोगावर कडक निर्बंध आले. गावाची शेते जंगलाने वेढलेली आहेत. त्यांच्या सीमा सरकविता येत नाहीत. तेव्हा क्षेत्र मर्यादित असेल, तेथे थर वाढवावेत हे म्हणणे अशा गावाला कितपत लागू पडते, हे पाहिले असता संज्ञेचे तिन्ही अर्थ वेगवेगळे तोलता येतात.

खोलीचा अर्थ : ही संज्ञा प्रथम ग्रंथनामात आली ती १९१५ साली. गिल्बर्ट एलिस बेली या अमेरिकन भूवैज्ञानिकाने व्हर्टिकल फार्मिंग याच नावाचे छोटे पुस्तक लिहिले व ते द्यू पाँ या स्फोटक द्रव्ये बनविणाऱ्या कंपनीने प्रसिद्ध केले. बेलीच्या मते शेतकरी जमिनीचा फक्त वरचा पापुद्रा वापरतो. खालचा घट्ट थर सुरुंगाने फोडून मोकळा केला, तर मुळे खोल जातील, पाणी अधिक मुरेल आणि तेवढ्याच क्षेत्रात जणू अधिक शेत मिळेल. प्रकाशकाचा व्यवसाय पाहता सुरुंगाचा आग्रह समजण्यासारखा आहे. चिकण मातीत, विशेषतः ती ओली असताना, स्फोटाने पोकळीच्या भोवतालची माती उलट दाबली जाते, असे आढळल्याने ही पद्धत मागे पडली. मूळ विचार मात्र चुकीचा नव्हता. पीक जमिनीच्या किती खोलीतून ओल घेऊ शकते, यावर कोरडवाहू शेतीचे बरेचसे यश अवलंबून असते.

वऱ्हाडात हे सांगावे लागत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील भारी काळी जमीन कित्येक ठिकाणी काही मीटर खोल आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट गटातील चिकणमाती भिजली की फुगते व वाळली की आकसते. उन्हाळ्यात रुंद भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत पडते आणि जमीन स्वतःच खालीवर होते. पावसाळ्यात साठलेल्या ओलीवर हरभरा व रब्बी ज्वारी येते. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने या साठ्याला पर्याय जवळजवळ नाही. सातपुड्याच्या उतारावरील जमीन याच्या उलट आहे. तेथे माती उथळ असून खाली मुरूम किंवा खडक लागतो. म्हणजे बेलीच्या अर्थाची उभी शेती वऱ्हाडच्या मैदानात निसर्गतःच झालेली आहे, आणि सेमाडोहच्या डोंगरउतारावर ती होणे कठीण आहे. आहे ती माती वाहून जाऊ न देणे हेच तेथील पहिले काम ठरते. बांधबंदिस्ती व समपातळी चर यांचे महत्त्व त्यामुळे आहे.

इमारतीतील शेती : आजच्या अर्थाची उभी शेती मातीविना लागवडीच्या शोधाशिवाय शक्य नव्हती. वनस्पतीला लागणारे क्षार पाण्यात विरघळवून थेट मुळांना पुरविता येतात, हे एकोणिसाव्या शतकातील जर्मन शरीरक्रियावैज्ञानिकांनी दाखविले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९३० नंतर या पद्धतीने मोठ्या प्रमाणावर पिके घेतली व हायड्रोपॉनिक्स हा शब्द रूढ केला. भारतात जेम्स शॉल्टो डग्लस यांनी १९४६ च्या सुमारास कालिंपाँग येथे स्वस्त साधनांनी असे प्रयोग केले. त्यांची रीत ‘बंगाल पद्धती’ म्हणून ओळखली गेली. ऑस्ट्रियन अभियंता ओटमार रूथनर यांनी १९६४ मध्ये व्हिएन्नातील उद्यान-प्रदर्शनात काचेचा मनोरा उभारला. त्यात कुंड्या साखळीवरून वरखाली फिरत व प्रत्येक रोपाला आळीपाळीने ऊन मिळे.

संज्ञेला आजची प्रसिद्धी मिळवून दिली ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डिक्सन डेस्पोमिये (१९४०–२०२५) यांनी. १९९९ मध्ये त्यांच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी मॅनहॅटनमधील गच्च्यांवर शेती केल्यास किती लोकांना अन्न मिळेल, याचा हिशेब मांडला. उत्तर फारच अपुरे आले. तेव्हा गच्चीऐवजी सबंध इमारतच शेत मानावी, ही कल्पना पुढे आली. सुमारे ५०,००० लोकांना पोसणारी तीस मजली इमारत त्यांनी कल्पिली आणि २०१० मध्ये द व्हर्टिकल फार्म हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

अशा शेतात मांडण्यांवर उथळ तबके असतात. मुळांवरून पोषक द्रावणाचा पातळ ओहोळ वाहतो, किंवा लोंबत्या मुळांवर द्रावणाचे धुके सोडतात. प्रत्येक थरावर प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांचे म्हणजे एलईडी दिवे असतात. तांबड्या व निळ्या प्रकाशाचे प्रमाण पिकाप्रमाणे ठरवितात. हवेचे तापमान, आर्द्रता व कार्बन डाय-ऑक्साइड यांवर यंत्रांचे नियंत्रण असते. द्रावण पुन्हापुन्हा वापरले जात असल्याने पालेभाज्यांना उघड्या शेताच्या मानाने एक-दशांशाच्या आसपास पाणी पुरते. कीटकनाशकांची गरज बहुधा पडत नाही. पाऊस, गारपीट व रानडुक्कर यांचा उपद्रव नाही. बारा महिने सारखे पीक मिळते. हे सर्व गुण खरे आहेत. गव्हाची दहा थरांत आदर्श परिस्थितीत लागवड केल्यास एका हेक्टरातून वर्षाला ७०० ते १,९४० टन उत्पादन मिळू शकेल, असा अंदाज झेन्टहोल्ट आसेंग व त्यांचे सहकारी यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. हे जगाच्या सरासरीच्या शेकडो पट आहे. ऊर्जेच्या खर्चामुळे असे पीक आजच्या बाजारात परवडणार नाही, हेही त्यांनी त्याच निबंधात नोंदविले. पहिला आकडा मात्र सर्वत्र पसरला.

प्रकाशाचा हिशेब : या पद्धतीची मर्यादा जागा किंवा पाणी ही नसून प्रकाश ही आहे. एकावर एक दहा थर रचले, तरी वरून येणारे ऊन एकाच थरापुरते असते. उरलेल्या नऊ थरांना प्रकाश विकत घ्यावा लागतो. मध्य भारतात एका चौ. मी. जमिनीवर वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ५ युनिट (किलोवॉट-तास) सौर ऊर्जा पडते. तीपैकी प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा भाग सुमारे ४५% म्हणजे सव्वादोन युनिट असतो. उत्तम दिवे विजेपैकी सुमारे ६०% ऊर्जा उपयुक्त प्रकाशात बदलतात, असे धरल्यास एका चौ. मी. थराला उन्हाइतका प्रकाश देण्यास रोज पावणेचार युनिट वीज लागेल; एक एकराच्या थराला सुमारे १५,००० युनिट.

ही वीज सौर पट्टिकांवरून घ्यावी असे सुचविले जाते. पट्टिका पडलेल्या उन्हाच्या सुमारे पाचव्या हिश्शाची वीज करतात. म्हणजे एका चौ. मी. पट्टिकेमागे दिवसाला एक युनिट. म्हणून एक चौ. मी. थर उन्हाइतका उजळण्यास पावणेचार चौ. मी. पट्टिका हव्यात. पालेभाज्यांना पूर्ण उन्हाच्या निम्म्याहून कमी प्रकाश चालतो. तरी प्रत्येक चौ. मी. मागे पावणेदोन चौ. मी. पट्टिका लागतातच. इमारतीत वाचविलेली जमीन अशा रीतीने पट्टिकांखाली जाते, आणि वाचली त्याहून जास्त जाते.

पीक कोणते यानेही हिशेब बदलतो. एक किग्रॅ. ज्वारीत सुमारे ४ युनिट इतकी अन्न-ऊर्जा असते. दिव्यांची कार्यक्षमता ६०%, झाडाने प्रकाशापैकी साठविलेला अंश ८% आणि एकूण वाढीपैकी कणसातील दाण्यांचा वाटा निम्मा, असे उदार प्रमाण धरले तरी त्या एका किग्रॅ. मागे सुमारे १६५ युनिट वीज खर्च होईल. एका माणसाच्या दिवसाच्या भाकरींना अर्धा किग्रॅ. ज्वारी मानली, तर तेवढ्यासाठी ८० युनिटांहून अधिक वीज हवी. खेड्यातील एखादे लहान कुटुंब ती महिनाभर पुरविते. याउलट सॅलडच्या पाल्यात सुमारे ९५% पाणी असते. त्याच्या एका किग्रॅ. मागे दिव्यांना याच हिशेबाने सहाएक युनिट पुरतात. शीतनाचा खर्च वेगळा. जगभरच्या उभ्या शेतांत लेट्यूस, तुळशीची विदेशी जात, कोवळे मोड व स्ट्रॉबेरी हीच पिके वारंवार का दिसतात आणि तृणधान्ये व कडधान्ये का दिसत नाहीत, याचे कारण या दोन आकड्यांत आहे.

व्यापारी अनुभवही याच दिशेने गेला. सिंगापूरमध्ये २०१२ पासून स्काय ग्रीन्स या संस्थेने सुमारे ९ मी. उंचीच्या फिरत्या मांडण्या मुख्यतः सूर्यप्रकाशावर चालविल्या. कृत्रिम प्रकाशावर अवलंबून असलेल्या मोठ्या कंपन्यांची स्थिती वीज व भांडवल महागताच बिकट झाली : अमेरिकेतील एरोफार्म्सने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला, बॉवरी फार्मिंगने नोव्हेंबर २०२४ मध्ये काम थांबविले, आणि प्लेंटीने मार्च २०२५ मध्ये एरोफार्म्सचाच मार्ग धरला. महाराष्ट्रात २०२० च्या आगेमागे बंदिस्त शेडमध्ये हळदीची बहुथरी लागवड करून अल्प काळात कित्येक पट परतावा देण्याच्या योजनांचा गाजावाजा झाला. त्यांतील काहींत गुंतवणूकदारांची फसवणूक झाल्याच्या तक्रारी दाखल झाल्या. हळद हे सावली सोसणारे पीक आहे, हे खरे. पण अंधार सोसणारे नाही. वरच्या थराने अडविलेला प्रकाश खालच्या थराला कोठून मिळणार, एवढा एक प्रश्न विचारला असता तरी पुष्कळांचे पैसे वाचले असते.

शेतातील थर : उघड्या शेतात थर रचताना नवा प्रकाश निर्माण होत नाही, आलेला प्रकाश वाटून घेतला जातो. ही वाटणी लाभदायक ठरते, कारण बहुतेक पिकांचे एकेक पान भर दुपारच्या उन्हाच्या निम्म्याहून कमी प्रकाशातच आपल्या कमाल वेगाला पोहोचते. उरलेला प्रकाश त्या पानाच्या दृष्टीने वाया जातो. वरची पाने विरळ असतील, तर खाली झिरपलेल्या उन्हात सावलीप्रिय वनस्पती चांगली वाढते.

याचे उत्तम उदाहरण वऱ्हाडात, सातपुड्याच्या पायथ्याशी अंजनगाव सुर्जी, अकोट व तेल्हारा या भागांत सापडते. येथील बारी समाज पिढ्यान् पिढ्या पानवेल व पानपिंपळी यांची लागवड करीत आला आहे. पानमळ्यात आधी शेवरी, पांगारा, हादगा किंवा शेवगा यांची झाडे दाट ओळींत लावतात. ती वेलाला आधार देतात, सावली धरतात व वारा अडवितात. शेवरी, पांगारा व हादगा ही शिंबावंत कुलातील असल्याने जमिनीत नायट्रोजनाची भरही घालतात. पानवेल आधाराला मुळांनी चिकटत वर चढते. ती हाताच्या आवाक्याबाहेर गेली की उतरवितात, म्हणजे वेल सोडवून खालचा भाग वेटोळे करून मातीत पुरतात व शेंडा पुन्हा आधाराला बांधतात. पुरलेल्या पेरांना नवी मुळे फुटून वेल ताजी होते. मिरवेलीच्या कुलातील पानपिंपळी (शास्त्रीय नाव पायपर लाँगम) अशाच सावलीत, वारंवार पाणी देऊन वाढवितात. तिची वाळलेली कणसे व मुळे औषधी आहेत आणि सुंठ व मिरे यांच्याबरोबर पिंपळी त्रिकटूत पडते. ४५° से. च्या वर जाणाऱ्या वैशाखात हे नाजूक पीक तग धरते ते वरच्या थरामुळे. मात्र पाण्याचा व मजुरीचा खर्च मोठा असतो, आणि एखाद्या वादळात आधाराची झाडे मोडली की सबंध मळा उघडा पडतो.

कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत मिरी, जायफळ व दालचिनी घेतात. नारळाची बहुतेक मुळे खोडाभोवती सुमारे २ मी. च्या आत असतात व झावळ्यांमधून पुरेसे ऊन उतरते. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने या मिश्र लागवडीचा ‘लाखी बाग’ या नावाने प्रसार केला. वऱ्हाडच्या कोरडवाहू शेतातील कापूस, ज्वारी व तूर यांच्या ओळींची मिश्र पेरणी याच तत्त्वाची. येथे थर जमिनीच्या वर जसे असतात तसे खालीही असतात. ज्वारीची तंतुमुळे वरच्या थरात पसरतात, तुरीचे सोटमूळ खोल जाते. शिवाय ज्वारी निघून गेल्यावर तूर आपला विस्तार करते, म्हणजे वाटणी काळाचीही होते. चिखलदऱ्याच्या पठारावर ब्रिटिश अमदानीत लावलेली कॉफीदेखील मोठ्या झाडांच्या सावलीतच वाढते.

डोंगरी गावातील उपयोग : मेळघाटातील कोरकू शेतकरी ज्वारी, मका, तूर, तसेच कोदो, कुटकी व सावा ही पिके घेतात. पावसाळ्यात येथे पाणी भरपूर पडते. उन्हाळ्यात ते दुर्मिळ होते. १९९० नंतरच्या दशकात या भागातील बालकांचे कुपोषण हा राज्यभर चर्चेचा विषय झाला. अशा ठिकाणी अन्नाची उणीव म्हणजे मुख्यतः ऊर्जा, प्रथिने व स्निग्धांश यांची उणीव. बंदिस्त उभ्या शेतातून जो पाला परवडतो त्यात या तिन्ही गोष्टी नगण्य असतात, आणि ज्यांत त्या असतात ती धान्ये तेथे परवडत नाहीत. जमीन वाढविता येत नाही हे गृहीत सेमाडोहला लागू पडूनही इमारतीचा उपाय लागू पडत नाही, तो यामुळे. उलट घराच्या कुडावर वालाचा वेल, छपरावर भोपळा, अंगणात शेवगा व त्याच्या विरळ सावलीत हळद-आले ही रचना विजेवाचून चालते. शेवग्याची पाने व वालाचे दाणे यांतून प्रथिनेही मिळतात. हे वेल अंगणात असल्याने रानडुकरांपासून त्यांची राखण शेतापेक्षा सोपी जाते.

प्रकाशाची गरजच नाही अशा उत्पादनात मात्र मांडणीवरील थर सहज फायदेशीर होतात. धिंगरी अळिंबी हे कवक असल्याने काडातील साठलेल्या द्रव्यावर वाढते. म्हणजे शेतात पूर्वीच पडून गेलेले ऊनच ते वापरते. गव्हाचे काड किंवा सोयाबीनचे कुटार भिजवून, निर्जंतुक करून पिशव्यांत भरतात, बी मिसळून पिशव्या झोपडीत एकाखाली एक टांगतात. पाच-सहा आठवड्यांत एक किग्रॅ. कोरड्या काडापासून साधारणतः अर्धा किग्रॅ. ताजी अळिंबी मिळते. हवा दमट हवी, म्हणून पावसाळा व हिवाळ्याचा प्रारंभ सोयीचा. उन्हाळ्यात गोणपाट भिजवूनही खोली थंड राखणे अवघड जाते. कुटार गुरांनाही लागते, त्यामुळे ज्याच्याकडे ते उरते त्यालाच हा जोडधंदा सोपा.

तबकांतील मक्याच्या हिरव्या चाऱ्याचा प्रसार दुष्काळी वर्षांत महाराष्ट्रात पुष्कळ झाला. बांबूच्या मांडणीवर, सावलीच्या जाळीखाली, मोड आलेला मका तबकांत पसरून पाणी शिंपडतात. सात-आठ दिवसांत एक किग्रॅ. बियाण्यापासून पाच ते सात किग्रॅ. चारा तयार होतो. पण वाढलेले वजन पाण्याचे असते. एक किग्रॅ. मक्यात सुमारे ८८० ग्रॅ. कोरडे द्रव्य असते, सहा किग्रॅ. चाऱ्यात ते सुमारे ८०० ग्रॅ. भरते, कारण मोड वाढताना दाण्यातील साठा श्वसनात खर्च होतो. असा चारा रुचकर व पचनास हलका असतो आणि कोरड्या वैरणीवर असलेल्या दुभत्या जनावराला थोडा थोडा दिल्यास उपयोगी पडतो. वैरणीच्या जागी मात्र तो देता येत नाही.